घरचं बोलणं, वर्गातलं बोलणं: भांडुपच्या बालवाडीतल्या प्रकल्प नोंदी, २०२४-२५

१० जून २०२४

शाळा उघडण्याआधीची बैठक आज झाली. दोन्ही वर्गांच्या टीचर, मदतनीस मावशी, टेकडीवरच्या अंगणवाडीच्या सेविकाताई आणि मी. यंदाचं काम फळ्यावर लिहून ठेवलं: तीन ते सहा वर्षांच्या मुलांशी घरी आणि वर्गात मोठ्यांचं बोलणं वाढवायचं. सूचना यात धरायच्या नाहीत. 'बस, ऊठ, चप्पल घाल, लवकर खा' हे दिवसभर चालूच असतं. मुलानं काही म्हणावं, मोठ्यानं तेच धरून पुढचं विचारावं, मुलानं त्यावर आणखी काही सांगावं, असं चार-पाच वेळा इकडून तिकडे झालं तर ते बोलणं. या वयात मेंदूची जडणघडण अशा देवाणघेवाणीतून फार वेगानं होते, हे आता जगभरच्या बालविकासाच्या अभ्यासांतून पक्कं झालं आहे. आपल्या आज्या ते करतच होत्या. फक्त आता आज्या गावाला आहेत आणि आई-वडील लोकलमध्ये.

त्यासाठी गृहपाठाची वही बंद. लहान गटातल्या मुलांनासुद्धा रोज एक पान गिरवायला दिलं जायचं. रात्री नऊ-दहाला आई कामावरून आल्यावर ते पान पुढे यायचं, मूल पेंगुळलेलं, मग रडारड, आणि शेवटी आईच हात धरून पान पुरं करायची. त्यातून कोणीच काही शिकत नव्हतं. वहीऐवजी आता पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळी एक आवाजी निरोप जाईल, 'आजचा प्रश्न' या नावानं. घरातलं काम करता करता तो मुलाला विचारायचा. लिहायचं काही नाही, फोटो काढून पाठवायचा नाही. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना मावशी शाळा सुटताना गेटवर सांगतील.

फरक पडतो की नाही ते कसं कळणार, यावर बराच वेळ गेला. शेवटी मंडईचं एक मोठं चित्र घेतलं: भाजीवाले, केळीवाला, कडेवर बाळ घेतलेली बाई, गाडीखाली झोपलेला कुत्रा. ठरावीक दिवसांनी प्रत्येक मुलाला ते दाखवून 'इथे काय चाललंय?' एवढंच विचारायचं आणि मूल जे बोलेल ते शब्द न बदलता लिहून घ्यायचं. गुण द्यायचे नाहीत.

मुलांची खरी नावं या नोंदींत येणार नाहीत. सेविकाताईंनी रानमेव्याची नावं सुचवली आहेत. करवंद, जांभूळ, आवळा, तोरण.

१८ जून

रडण्याचे दिवस. तीन वर्षांची मुलं पहिल्यांदा घराबाहेर राहतात तेव्हा रडणारच, त्यात काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते मोठ्यांच्या वागण्यानं. आई मुलाची नजर चुकवून पळते, मूल वळून बघतं तर आई नाही. दुसऱ्या दिवशी ते तिची ओढणी सोडत नाही, कारण कधी गायब होईल याचा भरवसा उरलेला नसतो. म्हणून यंदा नियम: कोणीही लपून जायचं नाही. मुलाच्या डोळ्यांकडे बघून सांगायचं, 'मी जाते. खाऊ झाला, गोष्ट झाली की येते.' तीन वर्षांच्या मुलाला साडेअकरा कळत नाहीत, पण खाऊनंतर गोष्ट आणि गोष्टीनंतर आई, हा क्रम कळतो. आणि सांगितलं तसं यायचं. उशीर होणार असेल तर मावशींना फोन.

पहिला आठवडा आई, आजी, कोणीही एक जण वर्गात भिंतीला टेकून बसेल. दुसऱ्या आठवड्यात दारात, मग गेटवर. करवंदला आईच्या जुन्या साडीचा तुकडा जवळ ठेवायची परवानगी दिली आहे. 'पोलीस येईल', 'बुवा घेऊन जाईल' असं वर्गात कोणीही म्हणायचं नाही, हे टीचरनी स्वतःच सुचवलं. मला फार बरं वाटलं.

८ जुलै

रात्रीपासून धो धो पाऊस. पहाटेपर्यंत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर झाला, रूळ पाण्याखाली, शाळांना सुट्टी. आजचा प्रश्न सकाळीच पाठवला: 'खिडकीतून बघा. पावसाचं पाणी कुठून येतंय आणि कुठे चाललंय?' टेकडीवरच्या घरांतून हे पाणी फार स्पष्ट दिसतं. आवळाच्या बाबांनी उलट निरोप धाडला. घरी अडकले होते, मुलीबरोबर तासभर दारात बसले. ती म्हणाली, पाणी खाली आत्याकडे चाललंय. आत्या खालच्या गल्लीत राहते.

२० जुलै

पालकसभा. अपेक्षित होतं तेच झालं. 'वही बंद केलीत, मग मुलं शिकणार काय?' शेजारच्या गल्लीतल्या नर्सरीत चार वर्षांचं मूल शंभरपर्यंत अंक लिहितं, असं एक आजोबा सांगत होते. त्यांची काळजी खरी आहे. गिरणीत गेलेलं आयुष्य, मुलांचं शिक्षण अर्धवट राहिलं, नातवाचं तसं होऊ नये. त्यांना उडवून लावणं मला जमणार नाही आणि जमायलाही नको.

मी दोन हातांचे एक्स-रे मोठे करून नेले होते, एक मोठ्या माणसाचा आणि एक चार वर्षांच्या मुलाचा. मनगटात आठ लहान हाडं असतात. चौथ्या वर्षी त्यातली तीन-चारच एक्स-रेमध्ये दिसतात, बाकीची अजून कूर्चा असतात, हाड झालेलीच नसतात. सभेत एकदम शांतता. मग सगळे आपापल्या मुलांचे हात उचलून बघायला लागले. मी सांगितलं, हे बघून घाबरू नका, मनगट कमजोर आहे असं नाही. हात अजून घडतोय. कणीक मळणं, फडकं पिळणं, वाटाणे सोलणं, भिंतीवर ओल्या ब्रशनं मोठमोठ्या रेघा मारणं यातून आधी खांदा, मग कोपर, मग बोटं तयार होतात. पेन्सिल त्यानंतर येते आणि मग तिला जबरदस्ती लागत नाही. शंभरपर्यंत लिहिणाऱ्या मुलाला सात बटाटे मोजून आण म्हटलं तर येतात का, तेही बघा.

आजोबा शेवटी म्हणाले, "ताई, पाटी तरी राहू द्या." पाटी ठेवली आहे. पाटीवर मुलं वाटेल ते काढतात, पुसतात. त्याला माझी काहीच हरकत नाही.

६ ऑगस्ट

घरभेटी. या कामातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच, म्हणून सविस्तर लिहिते.

दहा बाय बाराची खोली. एका भिंतीला ओटा, दुसऱ्या भिंतीला पलंग, पलंगाखाली पिंप. पाणी पहाटे येतं आणि पाऊण-एक तासात जातं. या वेळेत अख्खी गल्ली जागी असते, मुलंही. तोरणची आई म्हणाली, "मी सातवी शिकलेय, मी काय शिकवणार तिला?" आणि हे बोलता बोलता ती मुलीला सांगत होती, "लहान कळशी आधी भर, मोठी मागून, नाहीतर पिंपात मावणार नाही." तोरण म्हणाली, "मग हंडा?" आई म्हणाली, "तू सांग, हंडा कधी?" मी वहीत लिहायची थांबले. लहान, मोठं, आधी, नंतर, मावणं, न मावणं. पहिलीच्या गणिताचा पाया त्या नळाखाली घातला जात होता. आईला तसं सांगितलं तर ती लाजली आणि म्हणाली, हे तर रोजचंच. रोजचंच आहे म्हणूनच तर लागू पडतं.

या दिवसांत गल्लीत राख्यांचं काम जोरात आहे. मणी, टिकल्या, रेशीम, डझनावर पैसे. मुलं आईशेजारी बसून मणी वेगळे करतात. याबद्दल आमच्यात चांगलीच चर्चा झाली. एका टीचरचं म्हणणं, मण्यांची वर्गवारी म्हणजे उत्तम शिक्षण, आपण वर्गात तेच करतो. सेविकाताई म्हणाल्या, खेळ कुठे संपतो आणि कामाला जुंपणं कुठे सुरू होतं तेही बघा. ताईंचं बरोबर आहे. आम्ही घरोघरी असं सांगतो: मूल मन लागेल तोवर बसेल, कंटाळलं की उठेल, त्याच्या वाट्याला संख्या लावून द्यायची नाही. त्याच्या राख्या हिशेबात धरायच्या नाहीत, त्याच्या हातावर बांधायच्या. आणि घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर मणी जमिनीवर नकोतच. तोंडात घातलेला मणी श्वासनलिकेत अडकतो तेव्हा वेळ फार थोडा असतो. अख्खे शेंगदाणे आणि चणेही तितकेच धोक्याचे, हे बऱ्याच आयांना नवीन होतं.

या भेटींत मला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आठवतात. त्या मुंबईत जन्मलेल्या. १९४५ मध्ये त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्याबरोबर, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं शाळेपर्यंत येईनात म्हणून त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. पानं, दगड, शंख, बिया हीच साधनं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी आली. भांडुपच्या या गल्लीत अंगण नाही, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला वळावं लागतं. पण नळ आहे, ओटा आहे, उंबरा आहे. तिथे जे चाललंय ते आधी शाळेनं शिकून घ्यावं, असं मला या भेटींनंतर फार वाटतं.

२२ ऑगस्ट

जांभूळबद्दल. चार वर्षं पूर्ण. हाक मारली तर बघत नाही, गोष्टीच्या वेळी उठून जातो, बोलतो ते अर्धवट, 'त'चा 'प' होतो. टीचरना वाटत होतं हट्टी आहे. घरी म्हणतात, मनात असलं तरच ऐकतो.

आज त्याच्यासमोर बसून म्हटलं, "लाल ठोकळा दे." लगेच दिला. मग त्याच्या मागे जाऊन त्याच आवाजात म्हटलं, "निळा दे." काही नाही. पुन्हा समोर येऊन म्हटलं, दिला. तीनदा असंच. तो ओठ वाचतोय.

आजीला विचारलं. जूनपासून सर्दी हटत नाही, रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो, टीव्हीचा आवाज वाढवतो. कानात लसणीचं कोमट तेल घालतात. तेल ताबडतोब थांबवायला सांगितलं आणि महापालिकेच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात जायची चिठ्ठी दिली. सोबत सेविकाताई जातील.

२९ ऑगस्ट

जांभूळच्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलंय. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी लांबली की ती तुंबते आणि आत द्रव साचतो. बहुतेक वेळा दुखत नाही, बाहेरून काही दिसत नाही, फक्त जग कापसातून ऐकू यावं तसं ऐकू येतं. बऱ्याच मुलांत तीनेक महिन्यांत आपोआप निवळतं, म्हणून डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय. नोव्हेंबरअखेर पुन्हा तपासणी.

तोवर वर्गात काय करायचं ते लगेच ठरवलं. त्याची जागा पुढे, खिडकीपासून लांब, कारण खिडकीखाली रिक्षांचा थांबा आहे. बोलण्याआधी खांद्याला हलका हात लावायचा, त्यानं बघितलं की मगच बोलायचं. ओरडायचं नाही. ओरडल्यानं शब्द स्पष्ट होत नाहीत, चेहरा मात्र रागावलेला दिसतो. टीचर आज त्याच्याजवळ बराच वेळ बसून होत्या.

२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत कानाचे आजार आणि ऐकू कमी येणं, दोन्ही आहेत. तरीही कान आणि डोळे या दोन गोष्टी प्रवेशाच्या वेळीच विचारल्या पाहिजेत. आळशी डोळ्यावर, म्हणजे मेंदू ज्या डोळ्याची नजर नीट वापरत नाही त्यावर, लहानपणीच उपचार झाले तर नजर सुधारते, वय वाढत जातं तसं ते अवघड होतं. पुढच्या वर्षीच्या प्रवेश अर्जात हे प्रश्न घालायचे.

४ सप्टेंबर

वर्ग रिकामा होतोय. ७ तारखेला गणपती, भांडुपमधला अर्धा वर्ग कोकणात. दरवर्षी या गैरहजेरीबद्दल कुरकुर होते, ती मला पटत नाही. प्रत्येक मुलाला आज एक रिकामी कापडी पिशवी दिली: 'गावाहून एक वस्तू आणायची आणि तिची गोष्ट सांगायची.' जे इथेच आहेत त्यांनी मंडपातून, शेजारघरातून, कुठूनही आणावं.

२३ सप्टेंबर

पिशव्या उघडण्याचा दिवस, आणि वर्षातला माझा सगळ्यात आवडता. तिरफळं, गुळगुळीत झालेला समुद्राचा दगड, मोराचं पीस, सुकलेला तेरडा, कवंडळ. करवंद, जी जूनमध्ये साडीच्या तुकड्यात तोंड लपवून बसायची, ती उभी राहून म्हणाली, "आमच्या घराक मोठी माटवी बांधली. आजयेन सांगल्यान, रानात एकटी जाव नको." (माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट.) नव्या टीचरच्या तोंडावर 'आमच्या घराला असं म्हण' हे आलंच होतं, पण त्या थांबल्या. त्याऐवजी म्हणाल्या, "माटवीला काय काय बांधलं?" आणि मग करवंद थांबेचना.

आमचं धोरण आता लिहूनच ठेवते. मूल घरच्या बोलीत सांगत असेल तर सांगू द्यायचं. टीचरनी उत्तर द्यायचं ते प्रमाण मराठीत, सहज, त्याचं वाक्य न खोडता. दोन्ही कानावर पडत राहिलं की मूल दोन्ही उचलतं. घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी मुलं आहेत त्यांनाही हेच लागू. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, या शहराला अनेक भाषांची सवय आहे, वर्गालाही होईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा वयोगट एक सलग पायाभूत टप्पा मानला आणि त्यात घरच्या भाषेवर भर दिला. पण धोरण वर्गात उतरतं ते टीचर अशा एका क्षणी थांबतात तेव्हा.

१४ ऑक्टोबर

मोबाइल आणि झोप. दोन्ही एकाच नोंदीत, कारण घरात ते एकत्रच असतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसात १० ते १३ तास झोप, दुपारची धरून. किमान १८० मिनिटं हालचाल, त्यात तासभर दमवणारी. स्क्रीन एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं चांगलं. हे आकडे मी सभेत नुसते वाचून दाखवले असते तर आयांना आणखी एक अपराधी भावना घेऊन घरी जावं लागलं असतं. वडील रात्री दहाच्या गाडीनं येतात, मुलं त्यांच्यासाठी जागतात. तो अर्धा तास बापलेकरांचा असतो, तो काढून घ्या असं मी कोणाला सांगणार? आई भात लावते तेव्हा हातात फोन दिला नाही तर मूल शेगडीजवळ येतं. मैदान नाही.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, हा राज्य सरकारचा फेब्रुवारी २०२४ मधला निर्णय आमच्या मुलांना फार उपयोगी पडलाय. पेंगणारी मुलं कमी दिसतात. पण नळाच्या वेळेला अख्खं घर उठतं तिथे त्याचा फायदा पोचत नाही. म्हणून वर्गात खाऊनंतर चटया टाकून पंधरा-वीस मिनिटं पडायची सोय केली. झोपायची सक्ती नाही.

घरासाठी एकच गोष्ट धरली: जेवताना फोन नाही. बाकीच्या वेळेबद्दल आत्ता बोलायचं नाही. जेवताना यासाठी की फोनकडे बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही आणि घरातली सगळी जणं समोरासमोर असण्याची तीच एक वेळ असते. पहिले काही दिवस मुलं कमी जेवतील, रडतील, हे आधीच सांगितलं. आवळाच्या आजीनं फोनऐवजी गोष्ट सुरू केली, घासागणिक पुढे सरकणारी. शनिवारी सकाळी शाळेचं पटांगण उघडं ठेवायला मुख्याध्यापिकांनी होकार दिलाय. लगोरी, आंधळी कोशिंबीर, विषामृत. मोठी भावंडं शिकवतात.

२५ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली, विधानसभेचं मतदान झालं, वर्गखोल्या परत मिळाल्या.

सुट्टीत 'आजचा प्रश्न' किल्ल्याभोवती फिरत होता. माती कुठून आणली? पाणी जास्त झालं तर काय होतं? मावळे कुठे उभे करायचे आणि का? पहिल्यांदाच उत्तरं देणाऱ्यांत वडील जास्त होते. आतापर्यंत 'आजचा प्रश्न' म्हणजे आईचं काम असं होऊन बसलं होतं, किल्ल्यानं ते मोडलं. यापुढे महिन्यातून एकदा तरी असा प्रश्न द्यायचा ज्यात हात मळतील आणि वडिलांना काहीतरी ठोकावं-बांधावं लागेल. रात्रपाळीचे वॉचमन असलेले एक वडील सकाळी घरी आल्यावर मुलाला वर्गात सोडायला येतात. त्यांना शुक्रवारी दहा मिनिटं वर्गात बसून गोष्ट सांगायला बोलावलंय. रात्री इमारतीत येणाऱ्या मांजरांची गोष्ट सांगणार आहेत.

१२ डिसेंबर

जांभूळची फेरतपासणी झाली. उजवा कान निवळला, डाव्यात अजून पाणी आहे. आणखी काही आठवडे बघून मग पडद्यात बारीक नळी बसवायची का ते ठरेल. पण एक कान उघडल्याबरोबर हा मुलगा बोलायला लागलाय. कालच्या चित्राची नोंद समोर ठेवते. जूनमध्ये: "केळी." काल: "केळी. भूभू झोपला. त्याला उठवू नका."

दुसरी गोष्ट अवघड. मोठ्या गटातला एक मुलगा दुसऱ्यांना चावतो, ढकलतो. त्याच्या दंडावर वळ दिसले. बाबांना बोलावलं. ते नाकारत नव्हते. "आम्हीपण मार खाऊनच मोठे झालो," म्हणाले. मी आवाज चढवला नाही, पण गुळमुळीतही बोलले नाही. मारानं मूल त्या क्षणी थांबतं ते भीतीनं. आपल्याला काय होतंय ते सांगायला त्यातून शिकत नाही, मग वर्गात येऊन तेच दुसऱ्यावर करतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. तो कायदा सहा वर्षांपुढच्या मुलांचा, आमची मुलं तर त्याहून लहान. घरासाठी वेगळा न्याय कसा असेल? चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर वर्गाच्या दारावर आहे, तो कशासाठी आहे तेही त्यांना सांगितलं. सेविकाताई आता दर आठवड्याला त्या घरी जाणार आहेत. बाबांची नोकरी दिवाळीत गेली, हे त्यांच्याकडूनच कळलं. ते कारण आहे, परवानगी नव्हे.

वर्गात शांत कोपरा केला: गोधडी, उशी, काही चिंध्यांच्या बाहुल्या. राग आलेलं मूल तिथे जातं, शिक्षा म्हणून नाही, आणि कोणीतरी मोठं शेजारी बसतं. टीचर फक्त म्हणतात, "राग आलाय. ठोकळा काढून घेतला म्हणून." मुलाला स्वतःचं नाव कळतं तसं रागाचं नाव कळायला लागतं. आज तोच मुलगा कोपऱ्यातून ओरडून म्हणाला, "मला राग आलाय!" आणि चावला नाही.

टीचर थकल्या आहेत. तीसेक मुलं, तुटपुंजं मानधन, घरी स्वतःची लेकरं. मुलांशी मऊ बोला म्हणणाऱ्या प्रकल्पानं टीचरशीही मऊ बोललं पाहिजे. शुक्रवारचा शेवटचा अर्धा तास मी आणि मावशी वर्ग सांभाळू, टीचरनी चहा घ्यायचा, बसायचं. त्या वेळात अहवाल भरायचे नाहीत.

१६ जानेवारी २०२५

संक्रांत झाली. वर्गात तिळाचे लाडू वळले, हात भाजणार नाहीत इतकं मिश्रण निवू दिलं. कोणाचा लाडू मोठा, कोणाचे जास्त, सगळ्यांना पुरतील का, हे भांडण मुलांनीच सोडवलं. जुलैतल्या सभेतले आजोबा न्यायला आले होते. नातवानं त्यांना मोजून दाखवलं, "एक तुला, एक आजीला, एक बाबाला, आणि एक उरला." ते मला काही बोलले नाहीत. नातवाला म्हणाले, "उरलेला कोणाचा?"

१३ मार्च

पहिलीचा विचार सुरू. बालवाडीत चटईवर फिरणारं मूल जूनमध्ये एकदम बाकावर आणि वहीसमोर बसतं, आणि वर्षभराची बोलण्याची सवय तिथे अडते, ही माझी मोठी काळजी आहे. पहिलीच्या बाईंबरोबर दोनदा बसले. 'निपुण भारत' ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि आकडेमोड यावी हे त्याचं उद्दिष्ट. त्यातच पहिलीच्या सुरुवातीच्या तीन महिन्यांसाठी खेळावर आधारलेला 'विद्याप्रवेश' आहे. बाई म्हणाल्या, तो मनापासून करायचाय, पण पालक पहिल्या आठवड्यात पुस्तक मागतात. मग आपण दोघींनी मिळून एप्रिलची सभा घ्यायची, असं ठरलं.

मोठा गट आता दर बुधवारी पहिलीच्या वर्गात जाऊन बसतो. बाकावर बसून बघतात, संडास कुठे आहे ते बघतात. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नये. नव्या इमारतीत कुठे जायचं ते माहीत नसल्यामुळे दिवसभर अडवून धरणारी मुलं मी बघितली आहेत.

२५ एप्रिल

चित्राच्या सगळ्या नोंदी आज तारखेनुसार लावल्या. तोरण, जून: "बाई. भाजी." तोरण, या आठवड्यात: "ही बाई केळीवाल्याला ओरडतेय, केळी काळी झालीत म्हणून. पण हळू ओरडतेय. बाळ झोपलंय ना." कारण, 'पण', दुसऱ्याच्या मनातला विचार, सगळं एका दमात. हे तिला कोणी पाठ करून घेतलेलं नाही. सगळ्या मुलांचं असं झालं नाही. तीन-चार मुलं अजून एका शब्दाशी थांबतात. त्यातल्या दोघांची वर्षभर हजेरी कमी, आणि एकीच्या बाबतीत मला विकासातल्या विलंबाची शंका आहे. तिला पुढच्या मंगळवारी बालरोग विभागात न्यायचं ठरलंय.

कालच्या सभेला पहिलीच्या बाई होत्या, जमिनीवर पालकांमध्येच बसल्या. प्रत्येक मुलाचं एक पान त्यांच्या हाती दिलं: काय आवडतं, कशाला घाबरतं, घरची बोली कोणती, रडलं तर काय केल्यानं शांत होतं. गुण नाहीत. जांभूळच्या पानावर सगळ्यात वर: डावा कान, उजवीकडून बोला.

जूनसाठी राहिलेली कामं: प्रवेश अर्जात कान-डोळ्यांचे प्रश्न. नव्या पालकांना ग्रुपमध्ये घेणं. मे महिनाभर 'आजचा प्रश्न' कोणी पाठवायचा हे ठरत नव्हतं, कारण टीचर सुट्टीवर आणि मी गावी. आवळाच्या बाबांनी ते स्वतःकडे घेतलंय. पहिला प्रश्न त्यांनी आजच दाखवला: 'गाडीच्या खिडकीतून सगळ्यात आधी झाड दिसलं की समुद्र?'